मदत हवी आहे: अंबाजोगाईत लाईट गेल्यावरही चालणारं नेट कुणाचं?

येत्या उन्हाळ्यात आम्ही सगळे पुण्याहून अंबाजोगाईला राहायला जातोय. आई-दादांना आता एकटं ठेववत नाही. मुलीची सातवीची परीक्षा झाली की टीसी काढून जूनमध्ये तिकडंच आठवीला घालायचं ठरलंय. दवाखान्याची चिंता नाही, स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गावातच आहे. कंपनीनंही घरून काम मान्य केलंय, पण दुपारी २ ते रात्री १० नेट तुटता कामा नये.

घोडं अडलंय ते इथंच. दिवाळीत फायबर घेऊन पाहिलं. राउटर इन्व्हर्टरवर आहे, तरी गल्लीतली लाईट गेली की नेट बंद. केबलवाला म्हणतो, खांबावरच्या डब्याला बॅकअप नाही. मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं, तर व्हिडिओ कॉल अडकतो. घर जुनं, माळवदाचं, जाड भिंतींतून रेंजच येत नाही. लातूरला भाड्यानं राहा असं कृपया सुचवू नका, मग आई-दादांपाशी जाण्यात अर्थ काय?

अंबाजोगाई, परळी, केज भागात घरून काम करणारं कुणी आहे का? मध्ये विजेचा डबा नसलेली, थेट एक्स्चेंजपासून येणारी फायबर जुन्या गावात मिळते का? की माळवदावर सिमवाला राउटर आणि बाहेरचा अँटेना बसवून दिवसभराचं काम निभतं?