मदत हवी आहे: शनिवारच्या स्पर्धांमधून पूर्णवेळ बास फिशिंगकडे जायचंय, पुढचं पाऊल कुठलं टाकू?

नमस्कार मंडळी,

मी अलाबामात हंट्सव्हिलला राहतो. वय ३८, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी. मूळचा रेवदंड्याचा. लहानपणी आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जायचो. ओहोटीचं पाणी पुलाच्या खांबाला वळसा घालून वाहतं, तिथेच आडोशाला जिताडा दबा धरून असतो, हे त्यांनी मला दाखवलं. इथे आल्यावर पहिला लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गळाला लागला तोही बुडालेल्या झाडाच्या आडोशातून. त्या दिवसापासून हे वेड सुटलेलं नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बहुतेक स्पर्धांत दिवसातले सर्वांत मोठे पाच मासे लाइव्हवेलमध्ये, म्हणजे बोटीतल्या पाण्याच्या टाकीत, जिवंत ठेवायचे, संध्याकाळी वजन करायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. मासा मेला तर वजन कापतात. बक्षिसं मोठी असतात, म्हणून विजेत्याला पॉलिग्राफ चाचणीलाही बसवू शकतात.

मी नऊ वर्षं स्पर्धा खेळतोय. पहिली चार वर्षं को-अँग्लर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या बोटीत मागच्या बाजूला. मग वीस फुटी जुनी बोट घेतली, तिचं कर्ज फिटलं. गेली तीन वर्षं बीएफएल (बास फिशिंग लीग) या हौशी स्पर्धकांच्या शनिवारच्या स्पर्धांत, इथल्या चू-चू डिव्हिजनमध्ये, बोटर म्हणजे स्वतःची बोट घेऊन उतरतो. त्यात दोनदा पहिल्या ४५ मध्ये येऊन रीजनलला, म्हणजे विभागीय स्पर्धेला, गेलो. बासमास्टर ओपन्समध्ये, म्हणजे फी भरून खेळायच्या मोठ्या खुल्या स्पर्धांत, उतरायचं आणि तिथून एलिट सिरीज या व्यावसायिकांच्या वरच्या मालिकेपर्यंत पोहोचायचं, हे माझं स्वप्न आहे.

अडचण अशी. गंटर्सव्हिल माझ्या घरापासून पाऊण तासावर. ६९,००० एकरांचा तलाव, पण त्यातलं गवत कुठे कधी वाढतं आणि कुठल्या महिन्यात मासा त्याच्या कोणत्या कडेला येतो, हे मला अंगणासारखं माहीत आहे. तिथे मार्चमध्ये पाच माशांचं २२ पौंड वजन लावलंय. गेल्या वर्षी हार्टवेल तलावावर तीन दिवसांची स्पर्धा खेळलो. स्वच्छ, खोल पाणी, गवत जवळपास नाही, आणि बास हेरिंग या छोट्या माशांच्या थव्यामागे मोकळ्या पाण्यात फिरतोय. पहिल्या दिवशी दोन मासे, दुसऱ्या दिवशी एक. तिसरा दिवस माझ्या वाट्याला आलाच नाही. परतीच्या प्रवासात ट्रकमध्ये मी रेडिओसुद्धा लावला नाही.

खर्चाचा हिशोब: ओपन्सची प्रवेश फी एका स्पर्धेला दीड ते दोन हजार डॉलर. प्रवास, खोली, पेट्रोल, सामान धरून आणखी अडीच हजार. एका डिव्हिजनच्या तीन स्पर्धा म्हणजे साधारण १३,००० डॉलर. सरावासकट प्रत्येकीला कामाचे सात दिवस जातात आणि मला वर्षाला १५ दिवस रजा आहे. म्हणजे नोकरी ठेवून हे जमत नाही. एलिटला पोहोचलो तर वर्षाची फीच ४०,००० डॉलरच्या पुढे.

बास फिशिंगमधला दिग्गज रिक क्लन ह्यूस्टनला एक्सॉनमध्ये कॉम्प्युटर प्रोग्रामर होता. १९७४ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि १९७६ मध्ये आमच्या याच गंटर्सव्हिलवर आपला पहिला बासमास्टर क्लासिक, म्हणजे या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा, जिंकला. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तर प्रश्न एकच: नोकरी सोडून एक वर्ष पूर्ण द्यावं का, की आधी आणखी काही सिद्ध करायला हवं? या वाटेने गेलेलं किंवा कुणाला जवळून पाहिलेलं कुणी असेल तर मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद, टेक्सासहून

मित्रा, मी दोन वर्षं ओपन्स खेळलो आणि थांबलो. म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस.

तुझा प्रश्न नोकरीचा नाहीच, हार्टवेलचा आहे. घरच्या तलावावर लावलेलं वजन त्या तलावाची ओळख दाखवतं. वरच्या पातळीवर दर वेळी परका तलाव असतो, सरावाला मोजके दिवस मिळतात, आणि स्पर्धा जवळ आली की स्थानिक माणसाला काही विचारायचीही बंदी असते. तीन दिवसांत अनोळखी पाणी वाचता येणं, हाच तिथला खरा पेपर.

माझी चूक सांगतो. परक्या तलावावर मी पहिल्या सकाळपासून गळ टाकत बसायचो. चार मासे लागले की तीच जागा धरून ठेवायची आणि स्पर्धेच्या दिवशी तिथे काहीच नसायचं. माझ्याबरोबर खोलीत राहणारा एक जुना स्पर्धक सरावाचा अख्खा पहिला दिवस फक्त बोट फिरवायचा. पाण्याचं तापमान, गढूळपणा, चाऱ्याचे मासे किती खोलीवर आहेत, हे सगळं वहीत लिहायचा. दुसऱ्या दिवशी एखाद्या प्रकारच्या जागी मासा लागला की तशाच आणखी दहा जागा नकाशावर काढायच्या. लागलेला मासा तिथेच सोडून द्यायचा, दुसरा काढायला थांबायचं नाही. तो नेहमी पैशांत यायचा, म्हणजे बक्षीस मिळणाऱ्यांत, मी क्वचित.

नोकरी ठेवून हे शिकायचा स्वस्त मार्ग आहे. पुढच्या वर्षी चू-चू सोड आणि शेजारच्या राज्यातल्या बीएफएल डिव्हिजनमध्ये नाव घाल. बहुतेक स्पर्धा एका दिवसाच्या, फी ओपन्सच्या तुलनेत किरकोळ, सराव शुक्रवारी. गंटर्सव्हिलला वर्षभर स्पर्धेसाठी हात लावायचा नाही. परक्या पाण्यावर तीनदा पैशांत आलास तर ओपन्सचं बोलू.

आणि लाइव्ह सोनार, म्हणजे पाण्यातला मासा त्याच क्षणी पडद्यावर दाखवणारं यंत्र, कितपत येतं? हे यंत्र बाजारात आलं आणि मोकळ्या पाण्यातल्या माशाचा खेळच बदलला. त्यावर मर्यादा येताहेत. मेजर लीग फिशिंग या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये आपल्या बास प्रो टूर या व्यावसायिक मालिकेत दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात परवानगी दिली. तरी हार्टवेलसारख्या पाण्यावर ते न येणं म्हणजे एक हात बांधून उतरणं.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

मला माशांतलं फक्त खाण्यापुरतं कळतं, पण मी टॅक्सचं काम करते, म्हणून दोन गोष्टी विचारते.

दादा, आरोग्य विमा कुणाच्या नोकरीवर आहे? तुमच्या असेल आणि घरात मुलं असतील तर आधी तो आकडा काढा. तो तुमच्या १३,००० मध्ये नाही.

दुसरं, आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) नजरेत हा छंद की धंदा, हे ठरायला हवं. छंद म्हटलं तर बक्षिसाच्या पैशावर कर लागतो आणि खर्च वजा करता येत नाही. धंदा म्हणून दाखवायचं तर तो धंद्यासारखा चालवावा लागतो: वेगळं बँक खातं, प्रत्येक पावती, ट्रकच्या मैलांची नोंद, नफा कसा येणार याचा लिहिलेला बेत. पाचपैकी तीन वर्षं नफा दाखवला तर तो धंदा आहे असं धरून चालतात. नाही दाखवला तर सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. आजपासून वही ठेवा, नोकरी सोडायची वाट पाहू नका.

प्रतिसाद, टेनेसीहून

माझा मुलगा कॉलेजच्या बास टीममध्ये आहे, त्यामुळे गेली तीन वर्षं वीकेंडला आम्ही रॅम्पवरच (बोटी पाण्यात उतरवायच्या जागी) असतो. तुमची तळमळ समजते.

बी.ए.एस.एस. नेशनचा, म्हणजे बासमास्टर स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या स्थानिक क्लबांचा, मार्ग पाहिलात का? क्लब, मग राज्य, मग विभागीय आणि राष्ट्रीय अंतिम स्पर्धा. नोकरी करणाऱ्या माणसांसाठीच ती आहे आणि तिथून थेट क्लासिकमध्ये जाता येतं. कनेक्टिकटचा ब्रायन केर्चल हॉटेलात स्वयंपाकी होता. तो क्लबच्या वाटेने आला आणि १९९४ चा क्लासिक जिंकला. वाट लांब आहे, पण घर विकावं लागत नाही.

स्पॉन्सरबद्दल एक सांगतो, कारण तरुण मुलं यात फसतात. ‘प्रो-स्टाफ’ म्हणजे बहुतेक वेळा सामानावर सूट, पगार नव्हे. सूट मिळते म्हणून नको असलेलं सामान घेऊ नका.

प्रतिसाद, अटलांटाहून

दादा, थोडा वेगळा प्रश्न. मी एच-वन-बीवर आहे आणि मलाही स्पर्धा खेळायच्या आहेत. चालतं का?

धागाकर्ता

अटलांटाकर, मी ग्रीन कार्ड येईपर्यंत फक्त क्लबच्या छोट्या स्पर्धा खेळलो आणि स्पॉन्सरचं काहीही घेतलं नाही. त्या व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याचसाठी काम करता येतं. बक्षिसाच्या पैशाबद्दल इमिग्रेशन वकिलाला आधी विचार, स्पर्धेच्या रॅम्पवर मिळणाऱ्या सल्ल्यावर जाऊ नकोस.

ताई, विमा माझ्याच नोकरीवर आहे. काल बायकोबरोबर बसून आकडा काढला. चौघांचा विमा स्वतः घ्यायचा तर महिन्याचा घराचा हप्ता झाला तितका होतो. मी तो मुळीच धरला नव्हता. तुम्ही विचारलं म्हणून बरं झालं. वेगळं खातं सोमवारी उघडतोय.

टेक्सासकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. राग कसला? हार्टवेलवर मी नेमकं तेच केलं होतं. सरावाच्या पहिल्या सकाळी बोटी बांधायच्या एका धक्क्याखाली दोन चांगले मासे लागले आणि मी दोन दिवस तशा धक्क्यांखालीच गळ टाकत राहिलो. सोनार बोटीवर आहे, पण गंटर्सव्हिलच्या उथळ गवतात त्याची गरज पडत नाही म्हणून हात बसलेला नाही. या हिवाळ्यात रोज संध्याकाळी एक तास फक्त त्यावर घालवणार.

ठरवलंय असं: पुढचं वर्ष नोकरी ठेवून जॉर्जिया-दक्षिण कॅरोलायनाच्या बाजूच्या बीएफएल डिव्हिजनमध्ये खेळायचं. राज्याच्या नेशन क्लबमध्येही नाव घालतो. सोबत कोस्ट गार्डच्या कॅप्टन लायसन्सचा अभ्यास सुरू करतो. गंटर्सव्हिलसारख्या जलमार्गावर पैसे घेऊन लोकांना मासेमारीला न्यायचं तर ते लागतं. पुढे कधी नोकरी सोडलीच, तर आठवड्यातले दोन दिवस गाइडचं काम करून विम्याचे पैसे तरी निघतील.

आता एक मदत हवी आहे. हार्टवेलच्या आसपास कुणी मराठी मंडळी आहेत का? मासे कुठे आहेत ते विचारत नाही, ते नियमात बसत नाही. शुक्रवारची एक रात्र ट्रक आणि बोट सलग उभी राहील आणि रात्रभर बॅटऱ्या चार्ज करायला बाहेर प्लग मिळेल, अशी साधी खोली हवी आहे. क्लेम्सन किंवा अँडरसनच्या बाजूला मिळाली तर उत्तम.