पळताना लेक्चर ऐकता का? माझ्या डोक्यात काहीच राहत नाही

पळपुटा_नंबर_१:
मंडळी, गेले तीन-चार महिने पळताना गाणी बंद करून लेक्चरं ऐकायला लागलोय, युनिव्हर्सिटीतली, टेक्नॉलॉजी, कायदा, इतिहास असलं सगळं. पहिली दहा मिनिटं मस्त जातात, मग चढ येतो, धाप लागते आणि पुढचं सगळं कानावरून जातं. काल कॉपीराइटच्या इतिहासावर एक लावलं होतं, १७१० चा इंग्लंडमधला स्टॅच्यूट ऑफ ॲन हा कायदा, नव्या पुस्तकावर लेखकाला १४ वर्षांचा हक्क, तो जिवंत असेल तर आणखी १४, इथवर नीट कळलं. मग बुटाची नाडी सुटली, ती बांधून पुन्हा लय धरेपर्यंत बाई एकदम इंटरनेटवर पोचलेल्या! मधली तीनशे वर्षं नाडीत गेली. तुम्ही कसं करता? की नुसतं ऐकल्याचं समाधान?

सावकाश_गडी:
तू फार जोरात पळतोयस रे, दुसरं काही नाही. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगात पळ, मग डोकं मोकळं राहतं. इंटरव्हलच्या (जोरात-सावकाश आलटूनपालटून पळायच्या) दिवशी मी लेक्चर लावतच नाही, त्या दिवशी स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ. लाँग रनला इतिहास बेस्ट, कारण त्यात गोष्ट असते, दोन मिनिटं हुकली तरी राजा तोच असतो. येल युनिव्हर्सिटीच्या ओपन येलवरचे इतिहासाचे कोर्स ऑडिओत मिळतात, तिथून सुरू कर. टेक्नॉलॉजीचं मात्र बघून घे. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवरचं एक अल्गोरिदमचं लावलं होतं मी, सर फळ्यावर लिहितायत, "हे इथून इकडे आलं" म्हणतायत आणि आपल्याला नुसती खडूची टकटक. पाच किलोमीटर खडू ऐकला.

वकिलीणबाई:
कायद्याच्या लेक्चरला एक करून बघा. निघायच्या आधी दोन मिनिटं त्यातल्या मुख्य केसमध्ये कोण कोणाशी कशावरून भांडलं एवढंच वाचून घ्या, कलमं-बिलमं सोडा. उदाहरणार्थ अमेरिकेतली १९८४ ची सोनी विरुद्ध युनिव्हर्सल, बेटामॅक्सची, म्हणजे सोनीच्या व्हीसीआरची केस. लोक व्हीसीआरवर टीव्हीचे कार्यक्रम टेप करून नंतर बघतात, त्यासाठी मशीन विकणाऱ्याला जबाबदार धरायचं का, असं भांडण. सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने सोनी जिंकली, घरी टेप करून सोयीने बघणं म्हणजे फेअर यूज, परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर, असं ठरलं. भांडण माहीत असलं की मधला युक्तिवाद धापा टाकतानाही पकडता येतो, नाहीतर नुसती नावं आदळत राहतात. आणि दुसऱ्याने कधीतरी केलेलं भाषण आपण आपल्या वेळेला ऐकतो ना, तीही त्याच सवयीची नात म्हणायची 😀

उलटा_गिअर:
स्पीड १.५ वर ठेवत असाल तर आधी १ वर आणा. घरी बसून १.५ जमतं, पळताना नाही जमत, निदान मला तरी. लंडनच्या ग्रेशम कॉलेजची ऐका, १५९७ पासून लोकांना फुकट व्याख्यानं देतायत आणि आता रेकॉर्डिंगही फुकट, बोलणारे सामान्य श्रोत्याला धरून बोलतात. पण शेवटची प्रश्नोत्तरं कुठलीही असोत, मी सरळ बंद करतो. प्रश्न विचारणाऱ्याकडे माइक नसतो म्हणून आपण आवाज वाढवायचा आणि मग प्रोफेसर कानात ओरडणार, एकदा दचकून फुटपाथवरून खाली आलोय. रस्त्यावर पळणार असाल तर एक कान मोकळा ठेवा, किंवा ते गालाच्या हाडावर बसणारे हेडफोन घ्या, गाडीचा हॉर्न ऐकू येतो.

पळपुटा_नंबर_१:
सगळ्यांना धन्यवाद! आज सावकाश पळालो, स्पीड १, तेच लेक्चर पुन्हा पहिल्यापासून. बरंच कळलं खरं, विसरू नये म्हणून मध्येच फोनमध्ये बोलून ठेवलं. आत्ता लावून ऐकतोय तर नुसतं हफ हफ हफ, "सतराशे चौऱ्याहत्तर, महत्त्वाचं", हफ हफ, "अरे बाजूला हो" (हे कुत्र्याला). १७७४ ला काय झालं होतं??

वकिलीणबाई:
डोनाल्डसन विरुद्ध बेकेट ही केस. लंडनचे पुस्तकवाले म्हणत होते की मुदत संपली तरी हक्क आमचा कायमचाच, एडिंबरोचा डोनाल्डसन स्वस्तात छापून विकत होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च कोर्ट तेच) कायमचा हक्क मानला नाही. तुमच्या नाडीतली चौसष्ट वर्षं सापडली बघा.