कडाक्याच्या थंडीत फर्नेस बंद पडते, मदत हवी आहे

मंडळी, आम्ही मिनेसोटात राहतो. पारा उणे २५ सेल्सियसच्या खाली गेला की आमची गॅसची फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) पहाटे बंद पडते. एरवी सुरळीत चालते. हाय एफिशियन्सी, पीव्हीसी पाइपवाली आहे. आतला छोटा पंखा फिरतो, पण इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) लाल होतच नाही आणि बोर्डावरचा दिवा प्रेशर स्विचच्या (हवेचा दाब तपासणाऱ्या स्विचच्या) बिघाडाचा कोड दाखवतो. ज्योतच पेटत नाही, तेव्हा फ्लेम सेन्सरचा (ज्योत ओळखणाऱ्या भागाचा) दोष नसावा. फिल्टर नवा आहे. बाहेर एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी मात्र बर्फाचा जाड थर साचतो. तो काढला की थोडा वेळ चालते. कंडेन्सेटची (फर्नेसमध्ये साचलेलं पाणी बाहेर नेणारी) नळी थंडगार गॅरेजमधून जाते, तीही गोठत असेल का? टेक्निशियन सरळ नवी फर्नेस घ्या म्हणतो, ते पटत नाही. घरात तान्हं बाळ आहे, फार काळजी वाटते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे. नळीला हीट टेप (विजेवर गरम होणारी पट्टी) लावून कुणाला फरक पडलाय का?