बोटे पांढरी पडतात, सकाळी सुजलेली असतात : पुढील तपासणीबाबत मदत हवी आहे

माझ्या मोठ्या बहिणीचे वय ४३ असून, गेल्या ८ महिन्यांपासून थंड पाण्यात हात घालताच तिच्या बोटांची टोके आधी पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होतात. हे रेनॉड्सचे (थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या अति आकुंचन पावण्याचे) लक्षण असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तरुण वयात सुरू होणारा हा त्रास बहुधा निरुपद्रवी असतो, मात्र चाळिशीनंतर प्रथमच उद्भवल्यास त्यामागे स्क्लेरोडर्मा (ज्यात त्वचा कडक होत जाते) किंवा ल्युपससारखा संयोजी ऊतींचा आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) नाही ना, हे पाहावे लागते, असे माझ्या वाचनात आले. त्यातच सकाळी तिची बोटे फुगलेली असतात आणि अंगठी निघत नाही (आम्ही आधी वजनालाच दोष दिला!). त्वचा अजून कडक झालेली नाही, टोकांना जखमाही नाहीत.

एएनए चाचणी (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) सकारात्मक आली आहे. पण ती निरोगी माणसांतही तशी येऊ शकते, म्हणून तिच्यावरून निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांची सूक्ष्मदर्शक तपासणी कोणी करून घेतली आहे का? अँटी-सेंट्रोमिअर आणि एससीएल-७० या स्क्लेरोडर्माशी निगडित प्रतिपिंडांच्या चाचण्या आताच कराव्यात, की संधिवाततज्ज्ञांच्या भेटीपर्यंत थांबावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.