विषय: ऑफिस अवर्सना जाऊन नक्की करायचं काय?

पहिली मेल

नमस्कार मंडळी,

लेक ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटीत जाणार. कॅल्क्युलस आणि कॉम्प्युटर सायन्स, दोन्ही वर्ग तीनशेच्या आसपास मुलांचे. ओरिएंटेशनला दहादा सांगितलं की ऑफिस अवर्सना जा. तिचं म्हणणं, प्रोफेसर कामात असतील, उगाच कशाला मध्येच जायचं? तिथे काय करायचं असतं? न समजलेला धडा परत शिकवतात का? आणि गरज पडली तर आम्ही आईबाबा भेटू शकतो का?

— एक आई

उत्तर १: गणित शिकवणाऱ्याकडून

> प्रोफेसर कामात असतील

ताई, सगळा घोळ नावामुळे होतो. प्रोफेसर ऑफिसात आपलं काम करत बसतात ती ही वेळ नव्हे. ही वेळ विद्यार्थ्यांसाठी राखलेली असते, साधारण आठवड्याला २ ते ४ तास. हा गैरसमज इतका चिवट आहे की बरेच जण आता सिलॅबसवर (कोर्सच्या माहितीपत्रकावर) 'स्टुडंट अवर्स' असंच छापतात. सिलॅबसमधली वेळ असेल तर सरळ जायचं, अपॉइंटमेंट लागत नाही. 'बाय अपॉइंटमेंट' लिहिलं असेल तरच आधी मेल करायची. निघण्यापूर्वी कॅनव्हासवरच्या (कोर्सच्या वेबसाइटवरच्या) घोषणा बघाव्यात. वेळ बदलली किंवा त्या दिवशी झूमवर भेटायचं ठरलं, तर ते तिथेच कळतं.

> न समजलेला धडा परत शिकवतात का?

नाही, आणि तशी अपेक्षा धरून गेलं की पंधरा मिनिटं पाण्यात. "सीरीजचं काहीच कळलं नाही" म्हटलं की प्रोफेसर पहिल्या व्याख्येपासून सुरू करतात, मूल मान डोलावत राहतं आणि जसं आलं तसंच परत जातं. आपल्या मुलांची ही मान फार महागात पडते. समोरच्याला वाटतं कळलं, म्हणून तो पुढच्या मुद्द्यावर जातो. "थांबा, ही पायरी परत सांगाल का?" हे तोंडातून निघायला हवं.

नेमका प्रश्न कसा असतो ते दाखवतो. समजा गृहपाठात ही सीरीज (न संपणारी बेरीज) आहे, तिचं प्रत्येक पद: एन भागिले (एनचा घन अधिक १). ती कन्व्हर्ज होते का, म्हणजे बेरीज एका ठरावीक आकड्याशी येऊन थांबते का? मुलाने रेशो टेस्ट (लागोपाठच्या पदांच्या गुणोत्तराची कसोटी) लावली, लिमिट १ आलं. १ आलं म्हणजे ती टेस्ट निर्णयच देत नाही. इथे मूल अडकलं. आता त्याने एवढंच म्हणायचं: "रेशो टेस्ट लावली, लिमिट १ आलं. कम्पॅरिझन लावावी असं वाटतंय, पण कशाशी तुलना करायची ते कळत नाही." आणि केलेलं काम समोर ठेवायचं, खाडाखोडीसकट.

प्रोफेसर उत्तर सांगणार नाहीत, उलट विचारतील: "एन खूप मोठा झाला की खालच्या त्या १ ला कोण विचारतं?" मग दिसतं की पद जवळजवळ १ भागिले एनचा वर्ग इतकंच आहे. खाली १ मिळवल्याने भाजक मोठा होतो, म्हणजे पद त्याहून लहान, आणि १ भागिले एनचा वर्ग ही सीरीज कन्व्हर्ज होते. प्रश्न सुटला. पण खरी मेख पुढे आहे. चांगला शिक्षक लगेच म्हणतो, "अधिक १ च्या जागी वजा १ असता तर?" आता पद तुलनेच्या सीरीजपेक्षा मोठं झालं, साधी तुलना कोसळली. लिमिट कम्पॅरिझन टेस्ट (दोन्ही पदांच्या गुणोत्तराचं लिमिट बघणारी कसोटी) कशासाठी असते ते त्या क्षणी समजतं. परीक्षेत हाच बदल करून प्रश्न येतो. उत्तरसूची वाचून हे हाती लागत नाही, समोर बसूनच लागतं.

म्हणून नेताना: वही, गृहपाठाचा कागद, आणि जिथे अडलं त्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल. प्रश्न दोन, फार तर तीन. अवघड प्रश्न आधी विचारावा, कारण मागून कोणी आलं की वेळ वाटली जाते.

कधी जायचं? १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात खोली बहुधा रिकामी असते, हवा तेवढा वेळ मिळतो. मिडटर्मच्या (सेमिस्टरमधल्या परीक्षेच्या) आदल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये रांग लागते आणि वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. प्रश्न नसेल तरी पहिल्या महिन्यात एकदा जाऊन नाव आणि सेक्शन सांगून, गृहपाठातलं एखादं गणित दाखवून यावं. पाच मिनिटांचं काम, पण पुढच्या वेळी दार ढकलायला जड जात नाही. खोलीत आधीच दोघंतिघं असतील तर बाहेर ताटकळू नये, आत जाऊन ऐकावं. दुसऱ्याचा प्रश्न पुष्कळदा आपलाही असतो, फक्त आपल्याला तो सुचलेला नसतो.

वेळ दुसऱ्या वर्गाशी आदळत असेल तर मेल करावी. विषयाच्या ओळीत कोर्सचा नंबर आणि सेक्शन. मजकूर चार ओळी: मी कोण, कशावर अडलो, तुमच्या वेळेला माझा अमुक वर्ग असतो, या तीन वेळांपैकी एखादी जमेल का. "तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा" असं मोघम लिहिलं की चार मेल इकडून तिकडे जातात आणि तोवर आठवडा संपतो.

उत्तर २: कॉम्प्युटर सायन्सच्या टीएकडून (टीचिंग असिस्टंट, प्रोफेसरांना शिकवण्यात मदत करणारा विद्यार्थी)

काकू, काकांनी गणिताचं सांगितलं. तीनशेच्या वर्गात कोडचे प्रश्न बहुतेक टीएकडेच येतात, आणि तिथलं गणित वेगळं. रांग ऑनलाइन लागते, एका मुलाला साधारण १० मिनिटं. असाइनमेंट रात्री ११:५९ ला द्यायची असेल तर त्या संध्याकाळी नंबर लागेलच याची खात्री नाही. म्हणून असाइनमेंट आली की दोन दिवसांत ती वाचून, थोडी सुरू करून यायचं.

सर्वांत वाया जाणारी भेट अशी: लॅपटॉप उघडा, ३०० ओळींचा प्रोग्रॅम, आणि "चालत नाहीये." दहातली आठ मिनिटं कोड वाचण्यातच जातात. येण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. ज्या इनपुटवर चुकतं ते सर्वांत लहान इनपुट शोधावं. काय यायला हवं होतं आणि काय आलं, दोन्ही लिहून ठेवावं. आणि चुकीशी संबंध नसलेला कोड एका वेगळ्या प्रतीतून काढत काढत १५-२० ओळींवर आणावा. ही काटछाट करतानाच निम्म्या वेळा चूक सापडते, मग रांगेतून नाव काढून टाकायचं.

नेहमीचा नमुना, सी भाषेतला. मुलाने स्ट्रिंगची नक्कल करायला तिच्या लांबीएवढीच मेमरी मागितली. स्ट्रिंग कुठे संपते ते सांगणाऱ्या शेवटच्या नल कॅरॅक्टरसाठी लागणारा एक बाइट विसरला. स्वतःच्या लॅपटॉपवर चाललं, ऑटोग्रेडरवर (कोड आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर) पडलं, आणि तो तावातावाने सांगतो की ऑटोग्रेडरच बिघडलाय. तसं नसतं. मेमरी देणारी यंत्रणा मागितलेला आकार बऱ्याचदा वर ढकलून देते, म्हणून एक बाइट जास्त लिहिला तरी काही लांबींना धकून जातं, दुसऱ्या लांबीला फुटतं. 'व्हॅलग्रिंड' हा मेमरीच्या चुका शोधणारा प्रोग्रॅम चालवला की चुकीची ओळ दाखवतो. त्याचा निकाल घेऊन आलेल्या मुलाचं काम दोन मिनिटांत होतं.

चार्जर आणा. हसू नका, दर आठवड्याला कोणाची तरी बॅटरी संपते.

आणि एक शब्द. आपल्याकडून सवयीने "आय हॅव अ डाउट" निघतं. इथे त्याचा अर्थ "तुम्ही म्हणता ते मला पटत नाही" असा लागू शकतो. 'क्वेश्चन' म्हणा. नुकत्याच भारतातून मास्टर्सला आलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

उत्तर ३: विद्यार्थी सल्ला विभागात काम करणारीकडून

> आम्ही आईबाबा भेटू शकतो का?

प्रोफेसरांना नाही. 'फर्पा' हा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा कायदा. विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा कोणत्याही वयात कॉलेजात दाखल झाला, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचे हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातात. टॅक्समध्ये मूल 'डिपेंडंट' दाखवलं असेल तर कॉलेज पालकांना माहिती देऊ शकतं, पण द्यायलाच हवी असं नाही. मुलीने संमतीपत्र सही करून दिलं तरी ते प्रोफेसरांना बोलण्याची मुभा देतं, सक्ती करत नाही. आईची मेल आली की प्रोफेसर दोन ओळींत नम्र नकार कळवतात आणि मुलगी त्यांच्यासमोर विनाकारण अवघडते. तिलाच जाऊ द्या.

मार्कांबद्दल: पेपर मिळाला त्याच तासाला भांडायला जाऊ नये. सिलॅबसमध्ये रीग्रेडची (पेपर पुन्हा तपासून घेण्याची) मुदत आणि पद्धत दिलेली असते, कित्येकदा ती ग्रेडस्कोप या पेपर तपासायच्या वेबसाइटवरच असते. आधी रूब्रिक (कशाला किती मार्क त्याची यादी) वाचावी, मग "इथे पायरी बरोबर आहे, तरी २ मार्क का गेले?" असा एका ओळीवर बोट ठेवून प्रश्न. काही ठिकाणी संपूर्ण पेपर पुन्हा तपासतात आणि मार्क कमीही होतात, तोही नियम वाचून घ्यावा.

विषय झेपत नाहीसा वाटला तर विथड्रॉवलच्या (कोर्स सोडण्याच्या) मुदतीच्या निदान आठवडाभर आधी प्रोफेसरांना विचारावं: "आतापर्यंतच्या मार्कांवर सी ग्रेड मिळवायला फायनलला किती लागतील?" हा आकडेमोडीचा प्रश्न आहे आणि त्याचं सरळ उत्तर मिळतं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांनी इथे फार सांभाळायचं. अंडरग्रॅडला साधारणपणे १२ क्रेडिट्सच्या खाली जायचं असेल तर डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणाऱ्या कॉलेजातल्या अधिकाऱ्याची) परवानगी *आधी* लागते. आधी कोर्स सोडून मग सांगितलं तर व्हिसाचं स्टेटस धोक्यात येतं. प्रोफेसर कितीही सज्जन असले तरी हे त्यांच्या हातात नसतं, आणि पुष्कळांना हा नियम माहीतही नसतो.

शिफारसपत्राची पाळी तिसऱ्या वर्षी येते, पण त्याची पेरणी इथेच होते. ग्रॅड स्कूलला सहसा ३ पत्रं लागतात. ज्यांना फक्त "ए मिळाला" एवढंच माहीत आहे, त्यांचं पत्र चार ओळींचं होतं. मुदतीच्या निदान चार आठवडे आधी, शक्यतो प्रत्यक्ष भेटून विचारावं: "तुम्ही *चांगलं* पत्र लिहू शकाल का?" समोरचा अडखळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जावं. होकार आला की त्याच दिवशी रेझ्युमे, मार्कांची यादी, अर्जांच्या तारखा आणि त्यांच्या वर्गात केलेलं काम एकाच मेलमध्ये पाठवावं.

उन्हाळी संशोधनाचंही ऑफिस अवर्सलाच विचारता येतं. एनएसएफच्या (सरकारी विज्ञान निधी संस्थेच्या) पैशावर चालणाऱ्या 'आरईयू' (अंडरग्रॅडसाठीच्या संशोधनाच्या) जागा मात्र नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात. एफ-१ वाल्यांनी प्रोफेसरांच्या लॅबमध्ये कॅम्पसवरचं काम आहे का ते विचारावं, टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं.

पुन्हा पहिली मेल

सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून तिच्या बॅगेत टाकते. एकच राहिलं: हाक काय मारायची? 'सर', 'मॅडम'?

उत्तर ४: टीएकडून

प्रोफेसर आणि आडनाव. 'मॅडम' नको, आणि 'मिसेस' तर अजिबात नको. मेलखाली त्यांनी नुसतं पहिलं नाव लिहिलं तरी लगेच त्यावर उतरू नये, "तसंच म्हण" असं सांगेपर्यंत थांबावं. टीएला मात्र पहिल्या नावाने. आम्हाला कोणी 'सर' म्हटलं की आम्ही मागे वळून बघतो.