पिकअपच्या हौद्याचा पत्रा सडलाय, घरीच वेल्डिंग करू का?

टोमॅटोवाला_जुन्नर

राम राम मंडळी. माझी २०१५ ची पिकअप आहे, भाड्याला नाही लावत, घरचाच माल असतो, टोमॅटो नारायणगावला, कांदा ओतूरला आणि येताना खताच्या गोण्या नाहीतर कोंबडखत. तर परवा क्रेट सरकवताना एका क्रेटचा कोपरा खचकन खाली गेला म्हणून रबरी मॅट उचलली तर उजव्या मागच्या चाकाच्या वर पंजा जाईल एवढं भोक, आणि आजूबाजूचा पत्रा पापडासारखा, बोट दाबलं की चुरा. चार वर्षं ती मॅट उचललीच नव्हती, माझीच चूक.

फॅब्रिकेशनवाला म्हणतो अख्खा तळ काढून चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा) टाकू, २४ हजार आणि आठ दिवस गाडी ठेवा. इथं तोडे चालू आहेत, आठ दिवस कुठून आणू. माझ्याकडे २०० अँपियरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, गोठ्याचं गेट मी केलंय, ट्रॅक्टरच्या फणाला ठिगळं मारलीत, पण ते सगळं जाड लोखंड, पातळ पत्र्याला कधी हात लावला नाही. भोकापुरतं ठिगळ मारलं तर चालेल का, कुठला रॉड, किती जाड पत्रा, आणि बॅटरी काढायला लागते म्हणतात ते खरं का? नवीन गाडी घ्या असं कोणी सांगू नका, ते पोरगा रोज सांगतो.

खवट_पुणेकर

एम-सील लावा आणि वरून मॅट टाका परत. चार वर्षं निघतील, अनुभव आहेच तुम्हाला.

शिरोली_पत्रा

दादा, आधी वेल्डिंग मशीन बाजूला ठेव आणि एक छोटा हातोडा घे. मी १९ वर्षं एमआयडीसीत पत्र्याचंच काम करतोय, वरचं भोक बघून कधीच निर्णय घेत नाही. गाडीखाली झोप (जॅकवर नाही हां, खाली घोडी लावून नाहीतर खड्ड्यावर उभी करून) आणि तळाखाली जे आडवे चॅनेल जातात ते एकेक ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं ढप्प बोलतं. पत्रा वरून गंजलेला दिसतो पण पाणी आणि खत झिरपून बसतं ते पत्रा आणि चॅनेल यांच्या मधल्या फटीत, तिथं ते वाळतच नाही. युरिया डीएपीचा चुरा ओला झाला की लोखंडाला मिठासारखा खातो. चॅनेल गेलं असेल आणि तू वर नुसतं ठिगळ मारलंस तर ठिगळ नवं आणि त्याखाली भुसा, पहिल्याच खड्ड्यात टाका उघडणार.

चॅनेल ठीक असतील तर ठिगळ मारायला हरकत नाही. भोकाएवढं नको कापू, ग्राइंडरला वायरचा कप ब्रश लावून चकाकेपर्यंत घास, जिथं लोखंड पांढरं दिसायला लागतं तिथपासून अजून दोन बोटं बाहेर खूण कर आणि तिथून काप. कोपरे चौकोनी ठेवू नको, वाटी ठेवून गोल काढ, चौकोनी कोपऱ्यातनं चीर पळते. २ मिमी म्हणजे १४ गेज पत्रा घे.

रॉड ६०१३. दुकानात बारा नंबर माग म्हणजे २.५ मिमी मिळेल, दहा नंबर म्हणजे ३.१५, तो गेटला, पत्र्याला नाही. २ मिमीचा रॉड मिळाला तर सोन्याहून पिवळं, ४५-५० अँपियरवर चालतो. बारा नंबरला ६० पासून सुरू कर आणि टाकाऊ पत्र्याच्या दोन तुकड्यांवर आधी हात बसव. होल्डर मायनसला लाव, पत्रा कमी जळतो. आर्क नेहमी नव्या जाड पत्र्यावर धरायची आणि जुन्या पातळाकडे नुसता झटका द्यायचा, उलटं केलंस की भोकाला भोक. मागून तांब्याची पट्टी धरली तर रस खाली गळत नाही आणि तांबं चिकटतही नाही, जुन्या एसीचा पाईप ठोकून चपटा केला तरी चालतो.

आणि सलग वेल्डिंग ओढायचंच नाही. चार कोपऱ्यांना टाके, मग समोरासमोर टाके, मग इंचभर इथं, इंचभर पलीकडे, हात टेकवता येईल इतपत गार झाल्याशिवाय शेजारी जायचं नाही. सलग ओढलंस की पत्रा भाजलेल्या पापडासारखा उठतो आणि मग कितीही ठोक, बसत नाही.

बॅटरीचं खरं आहे. आधी मायनसची वायर काढ, मग प्लसची, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर पण ओढून ठेव. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगपासून वीतभर अंतरावर घासलेल्या लोखंडाला. लोकं आळसानं तो पुढं बंपरला नाहीतर चाकाच्या नटाला लावतात, मग करंट बेअरिंगमधनं फिरतो आणि महिन्याभरानं चाक वाजायला लागतं, तेव्हा कुणाला आठवतही नाही की वेल्डिंग केलं होतं.

हर्णै_म्हावरा

शिरोलीवाले बरोबर बोलतायत पण चेकर प्लेटीला माझा विरोध आहे आणि तो मी इथं परत एकदा नोंदवतोय. आमच्या गाडीत मासळी जाते, बर्फाचं पाणी आणि मीठ, पत्रा तीन पावसाळ्यांत जातो. वडिलांनी ३ मिमीची चेकर टाकली होती. दिसायला झकास. पण हिशोब करा, लोखंडाचा १ मिमी पत्रा चौरस फुटाला साधारण ७३० ग्रॅम भरतो, आपला तळ ८ बाय साडेपाच म्हणजे ४४ चौरस फूट, ३ मिमी म्हणजे ९६ किलो आणि वरच्या नक्षीचं वजन वेगळं, शंभराच्या वर गेलं. १.६ चा साधा पत्रा ५१ किलोत होतो. म्हणजे पन्नासेक किलो माल रोज फुकट वाहायचा. वर त्या नक्षीत घाण अडकते, झाडू फिरत नाही, आणि क्रेट सरकवताना तळ घासतात. जाड पत्रा गंजत नाही असं थोडंच आहे, तो फक्त जरा उशिरा गंजतो.

आम्ही आता साधाच पत्रा टाकतो आणि तळाच्या पत्र्यातल्या प्रत्येक नाळीच्या (खोलगट पट्टीच्या) शेवटाला १० मिमीचं भोक मारतो. भोक मारलं की तिथली कड आधी रंगवायची, नाहीतर गंज तिथनंच चालू. मॅट ठेवायचीच असेल तर रविवारी उचलून गाडी उताराला लावून धुवायची.

रिव्हेट_बहाद्दर

वेल्डिंगच करायला पाहिजे असं कोणी सांगितलं? मी माझ्या टेम्पोला पॉप रिव्हेट मारून ठिगळ लावलंय, खालून सीलंट भरला, तीन वर्षं झाली. आग नाही, बॅटरी काढा नाही, पत्रा वाकत नाही. ड्रिल आणि रिव्हेट गन असली की बास.

शिरोली_पत्रा

रिव्हेट चालतात, नाही कोण म्हणतंय. पण तुमच्या टेम्पोत बिस्किटाचे खोके जात असतील, यांच्याकडे गोण्या दाणकन पडतात. आणि रिव्हेटला चारी बाजूंनी निरोगी पत्रा लागतो. यांचा पत्राच उरला नाही तर रिव्हेट धरणार कशाला?

टोमॅटोवाला_जुन्नर

ठोकून बघितलं. चौथं चॅनेल, म्हणजे मागनं दुसरं, ठोकलं तर हातोडाच आत गेला राव. आवाज ढप्प पण नाही, सरळ फुस्स. आतून मूठभर लाल भुकटी आणि चार टोमॅटोच्या बिया निघाल्या, कुठून गेल्या देव जाणे. बाकीची चॅनेलं खणखणतायत. शेवटचं पण ठीक आहे. आणि त्या चौथ्या चॅनेलचा यू बोल्ट तुटून कधीच पडलाय, म्हणजे तिथं हौदा चेसिसवर नुसता टेकलेला. गावातला वेल्डर म्हणतो बोल्टाच्या भानगडीत पडू नको, नवं चॅनेल सरळ चेसिसला वेल्ड मारून टाक, आयुष्यभर हलायचं नाही. करू का?

शिरोली_पत्रा

नको!! हातात होल्डर असेल तर खाली ठेव.

नीट ऐक. हौदा चेसिसवर बोल्टानं आणि मध्ये रबर नाहीतर लाकडाची पट्टी घालून बसवलेला असतो ते कंपनीला वेल्डिंग येत नव्हतं म्हणून नाही. तुझ्या शेताच्या बांधावरनं गाडी तिरकी चढते तेव्हा चेसिस पिळली जाते, पिळली जायलाच पाहिजे, त्यासाठीच ती तशी केलेली असते. हौदा तेवढा पिळत नाही. मधे रबर आणि बोल्ट असला की तो फरक तिथं जिरतो. वेल्ड मारलंस की सगळा पीळ त्या टाक्याच्या कडेला येतो आणि चीर टाक्यात नाही पडत, टाक्याच्या शेजारी चेसिसच्या लोखंडात पडते, कारण तिथलं लोखंड उष्णतेनं कडक झालेलं असतं. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला तर साधं भोक सुद्धा मारायचं नसतं, सगळा ताण तिथंच असतो. तुझ्या वेल्डरचं बरोबर आहे, हलायचं नाही, मोडेल मात्र नक्की.

आता काम असं कर. जुन्या चॅनेलचं चांगलं टोक मोजून उंची, रुंदी आणि जाडी घे, बेंडिंगवाल्याकडून ३ मिमी पत्र्यात तसंच वाकवून आण, तासाभराचं काम आहे त्याचं. चॅनेलच्या पोटात रेडऑक्साईड (गंज रोखणारा लाल रंग) आधीच मार, बसवल्यावर ब्रश जात नाही. मागचा अडीच फूट तळ पूर्ण रुंदीत कापून काढ म्हणजे चॅनेल वरनंच बसवता येईल, खाली झोपून डोक्यावर वेल्डिंग तुला जमणार नाही आणि रस कॉलरमध्ये पडतो. रबरी पट्टी वेल्डिंगआधी काढून ठेव. यू बोल्ट नवा, डबल नट.

जळका_हात

मी फक्त आगीचं सांगतो कारण माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं मी समोर बघितलंय. वेल्डिंग झालं, चहा प्यायला गेलो, परत आलो तर तळाखालून धूर. मागच्या लाइटची वायरिंग चेसिसला धरून जाते, तिच्यावरच्या नळीत एक ठिणगी बसली होती आणि ती गुपचूप धुमसत होती. नशीब टाकी पलीकडे होती. तेव्हा डिझेलची टाकी, पाईप, ब्रेकचे पाईप आणि वायरिंग कुठून जातंय ते आधी हातानं चाचपून बघा, सोडवता येईल ते सोडवा, उरलेल्यावर ओलं गोणपाट. वाळूची बादली आणि अग्निशामक हाताशी. काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशीच बसायचं, चहा तिथंच मागवा.

आणि डोळे. ११ नंबरची काच वापरा, गॉगल नव्हे. पोरं लांबून बघत बसतात त्यांना हाकला. त्या दिवशी काही कळत नाही, रात्री २ वाजता डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टरकडे जा. जीआय पत्रा स्वस्त मिळाला म्हणून आणू नका, वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. घरात तोच असेल तर कडेचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर काम करा.

पासिंगवाला

एक आठवण करून देतो. ट्रान्सपोर्ट गाडी ८ वर्षांच्या वर गेली की फिटनेस दरवर्षी असतं, तुमची २०१५ ची म्हणजे दरवर्षीच. सडका पत्रा बदलला तर कोणी काही म्हणत नाही, पण काम काढलंच आहे तर हौदा लांब कर, फाळका (हौद्याचा मागचा दरवाजा) उंच कर असलं काही करू नका, गाडीच्या मूळ मापात बदल म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आलं. रंग दिल्यावर रिफ्लेक्टर टेप नवीन लावा, मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. टेपवर रंगाचा हात फिरवून पासिंगला आलेले लोक मी बघितलेत.

टोमॅटोवाला_जुन्नर

झालं मंडळी, दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी फक्त कापाकापी आणि चॅनेल. चार तुकडे जाळले सरावात, पाचव्यावर हात बसला. आमच्याकडे दिवसा व्होल्टेज १८० वर येतं, रॉड नुसता चिकटायचा, शेवटी विहिरीवरची बारीक वायर काढून मीटरपासून ४ स्क्वेअर मिमीची जाड वायर टाकली तेव्हा मशीन माणसात आलं. तांब्याची पट्टी म्हणजे जादू आहे, शिरोलीवाले, तुम्हाला एक क्रेट टोमॅटो लागू. खर्च पत्रा, चॅनेल, रॉड, डिस्क, रंग धरून ६ हजार ८०० आला, वायर सोडून.

आता एकच लफडं. फाळका बसत नाहीये. डाव्या बाजूची कडी लागते, उजवी चार-पाच मिमीनं अडते. आधी बसत होता.

शिरोली_पत्रा

ही माझी चूक, आधी सांगायला पाहिजे होतं. अडीच फूट तळ कापला की बाजूचे पत्रे मोकळे होतात, आणि वेल्ड गार होताना आवळतं, त्यानं बाजू आत ओढली. कापायच्या आधी मागच्या तोंडाला आडवा पाईप टाकून दोन टाके मारून ठेवायचे असतात, आम्ही सवयीनं करतो म्हणून लिहायचं राहिलं.

आता फाळका घासू नको. स्टेपनीचा जॅक आडवा धर, दोन्ही टोकांना लाकडी फळी, आणि दोन्ही बाजूंमध्ये हळूहळू ताण दे. ५ मिमी पाहिजे तर ८-१० पर्यंत ने, लोखंड थोडं परत येतं. सोडून बघ, कमी पडलं तर परत. टाक्यांवर लक्ष ठेव, एखादा करकरला तर थांब.

टोमॅटोवाला_जुन्नर

दोनदा ताणलं. पहिल्यांदा जॅक सटकून माझ्या गुडघ्याला लागला, दुसऱ्यांदा फळीला खिळा मारून बसवला. कडी लागली. जरा घट्ट आहे, बुक्की मारायला लागते, पण आधी पण लागायचीच. रंगाचा दुसरा हात उद्या सकाळी, दुपारी ४० क्रेट भरायचेत. मॅट गोठ्यात म्हशीखाली टाकली.