ब्रेक लागला की दाजी ताईवर हात उचलतात, काय करावं?

निलू_पिंपरी: ताईचे मिस्टर चाकणला ठेक्यावर आहेत, सहा-सात महिने झाले की ब्रेक देतात मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत जॉइनिंग. ब्रेकमध्ये नुसती चिडचिड, पिणं आणि आता मारहाण पण. ताई एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, सध्या घर तिच्याच पगारावर चालतंय पण एटीएम कार्ड दाजींच्या खिशात. सासूबाई म्हणतात पुरुषाच्या हाताला काम नसलं की असं व्हायचंच, परमनंट झाला की शांत होईल. मला पण कधीकधी ते पटतं.

लालबागकर: आमच्या चाळीने 1982 चा गिरणी संप बघितलाय. अडीच लाख कामगार बाहेर, कित्येकांना परत कामच मिळालं नाही, बायकांनी डबे करून, खानावळी चालवून घरं ओढली. काही घरांत नवरा पहाटे उठून भाजी चिरायला बसायचा आणि काही घरांत ती डब्याचे पैसे आणते याच रागाने मार खायची. संप दोन्ही घरांत तोच होता हो! परमनंटची वाट बघू नका.

शिफ्टवाला_तळेगाव: मी पण ठेक्यावरच. पगार थांबतो पण बाइकचा हप्ता थांबत नाही, वर नाक्यावर पोरं विचारतात काय मग, वहिनीच्या जिवावर मजा? लागतं ते, खोटं कशाला बोलू. पण दाजींनी कामावर असताना कधीच हात उचलला नाही का? ताईला एकटीला गाठून विचारा.

निलू_पिंपरी: विचारलं. दिवाळीला बोनस हातात असताना पण मारलं होतं, न विचारता भिशी लावली म्हणून. आम्हाला कुणाला बोललीच नव्हती 😔

वकीलबाई: मग भांडण कामाचं नाहीच, घरात हुकूम कुणाचा याचं आहे. तिचा पगार असा ताब्यात ठेवणं हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ धरतात. घटस्फोट न मागता कोर्टाकडे संरक्षण आदेश मागता येतो, त्याच घरात राहायचा हक्क पण मागता येतो, संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला तरी सांगतील, अंगावर आला तर सरळ पोलिसांना 112. पगारासाठी वेगळं खातं उघडा, पण कार्ड बंद करायचं ते ताई तुमच्याकडे राहायला आल्यावरच, कारण पैसे निघाले नाहीत की पहिला राग तिच्यावरच निघणार. आणि मारल्याच्या खुणा असतील तर आजच सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या.